नानांचं याजकपण

साताऱ्यात राजांना तोटा नाही. नोकरीमुळे मी इथे येऊन राहिले त्याला आता बरीच वर्षं झाली. शाळेत जाताना पोवई नाक्यावर पाच मिनिटं उभं राहिलं तरी दर दुसऱ्या जीपच्या काचेवर 'राजे' दिसतं आणि उरलेल्यांवर 'राजधानी सातारा'. गाडीचे हप्ते थकलेले असतील, आत बसलेला बायकोच्या भावाकडून डिझेलला पैसे मागून आणत असेल, पण काचेवरचा राजा ताठ. मला हसू येतं, आणि मग नानांची आठवण होते आणि हसू जातं. स्वतःला मनापासून राजा समजणारा एकच माणूस मी पाहिला, आणि तो एसटीत कंडक्टर होता.

नुसता राजा म्हटलेलं त्यांना चालायचं नाही. राजा आणि याजक. आम्ही ख्रिस्ती. बायबलमधल्या पेत्रानं त्याच्या पत्रात विश्वास ठेवणाऱ्या साऱ्यांनाच राजघराण्यातले आणि याजक म्हटलंय. याजक म्हणजे दुसऱ्याचं गाऱ्हाणं घेऊन देवापुढे उभा राहणारा. पूर्वी तो मान एकाच कुळाकडे असायचा, ख्रिस्तानं तो सगळ्यांना वाटून टाकला, असं आमचे पाळक चर्चच्या व्यासपीठावरून वर्षातून एकदा तरी सांगतात. आम्ही 'आमेन' म्हणतो आणि घरी जाऊन रविवारचं मटण चुलीवर चढवतो. नानांनी मात्र ते खरं मानलं. त्यांची चूक म्हणाल तर एवढीच.

आमचं गाव कुंडलच्या पुढे. चारी बाजूंनी ऊस, मधूनमधून द्राक्षबागा. मिशनच्या काळात बांधलेलं दगडी चर्च आहे, त्याला आम्ही देऊळच म्हणतो. पंचवीस-तीस घरांची मंडळी. आमचे आजे-पणजे वेशीबाहेरचे. ते ख्रिस्ती झाले म्हणून गावानं त्यांना वेशीच्या आत बोलावलं असं काही झालं नाही. देवाचं नाव बदललं, पाणवठा तोच राहिला. त्यामुळे 'तुम्ही राजे' हे वाक्य आमच्या वस्तीत पहिल्यांदा कुणी वाचलं असेल तेव्हा ऐकणाऱ्यांना काय वाटलं असेल, याचा मी पुष्कळदा विचार करते. बहुतेक जण चेष्टा समजून गप्प बसले असतील.

नानांचं नाव शमुवेल, पण नाना म्हणूनच सारा गाव ओळखायचा. अंगानं काटकुळे, नाक मोठं, आणि आवाज असा की मागच्या दारात उभं राहून तिकिटं फाडताफाडता ड्रायव्हरला सुनावायचे. सदरा रोज स्वतः इस्त्री करायचे. काकूंना इस्त्रीला हात लावू देत नसत. "राजाचा सदरा चुरगळल्याला असून कसं चालंल?" म्हणायचे. खाकी सदऱ्याच्या बाहीला अशी धार असायची की कलेक्टरसुद्धा यांच्यापुढे गबाळा दिसावा.

सुट्टीच्या रविवारी ते आमची शब्बाथशाळा घ्यायचे. आम्ही पोरं सतरंजीवर. नाना समोर उभे राहून विचारायचे, "आपुन कोन?"

"राजे."

"आनि?"

"याजक."

"मंग शेंबूड पुसा आदी."

दर वेळी पाठ असा सुरू व्हायचा. एकदा मी विचारलं होतं, "नाना, याजक काय करतो?" नानांनी सोपं करून सांगितलं. "शेजारची म्हातारी आजारी हाय, तिला बोलायचं बी त्रान न्हाई. मंग तिच्या वतीनं देवाकडं कोन जानार? तू जायचंस. कुनाला इचारायचं न्हाई. पास लागत न्हाई." कंडक्टरच्या तोंडी पास येणारच. मला ते इतकं पटलं की संध्याकाळी मी गल्लीतल्या तीन म्हाताऱ्यांच्या वतीनं देवाकडे जाऊन आले. त्यातली एक ठणठणीत होती, ती माझ्या अंगावर धावून आली.

नाना मात्र खरंच जायचे. ड्युटीवरून उतरले की हातपाय धुऊन कुणाच्या ना कुणाच्या उंबऱ्यावर. कुणाचा ताप, कुणाची नोकरी, कुणाचा दारुडा जावई. पाळक सांगलीला राहायचे, त्यांच्याकडे चार गावच्या मंडळ्या, महिन्यातून एकदा येणार. मधल्या दिवसांत आमची दुखणीखुपणी नानांकडेच. माझ्या वडिलांच्या शेवटच्या आजारात आई रोज त्यांची वाट बघायची. ते फार बोलायचे नाहीत. डोक्यावर हात ठेवायचे, चार वाक्यं प्रार्थना, आणि "येतो वयनी." आई म्हणायची, नाना येऊन गेले की घरातली हवा बदलते.

बाजीरावांची गोष्ट सांगायलाच हवी. बाजीराव गावातले ऊसवाले शेतकरी, मिलिटरीतून सुभेदार होऊन परत आलेले. एका दुपारी ते धावतपळत आमच्या वस्तीत आले.

"आवं नाना, म्हस अडलीया. डाक्टर निगालाय म्हनतोय, पर येतोय कवा कुनाला ठावं. तुमी जरा तुमच्या देवाच्या कानावर घाला की."

नाना गेले. गोठ्याबाहेर चपला काढल्या, म्हशीच्या कपाळावर हात ठेवला आणि मंडळीतल्या एखाद्या पोक्त बाईसाठी करावी तशी गंभीर प्रार्थना केली. डॉक्टर पोचायच्या आधी रेडकू उभं राहिलं. बाजीरावांनी आमच्या साऱ्या वस्तीला खरवस वाटला, आणि तेव्हापासून दोघांचं मैत्र जमलं. पाळकसाहेबांच्या कानावर हे गेलंच. पुढच्या महिन्यात व्यासपीठावरून ते म्हणाले, "आपल्या मंडळीत आता म्हशींचेही याजक झाले आहेत." सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं नाना हसले. पाळकसाहेब स्वतः हसत नव्हते, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. माणूस ओळखण्यात नाना कच्चे होते. कंडक्टरला हे परवडायला नको, पण होते.

त्यांच्या बायकोचं नाव रूथ, आमच्या रूथकाकू. लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी एक मुलगा झाला, प्रकाश, आणि तो तरणाताठा असताना मोटारसायकलच्या अपघातात गेला. मंडळीच्या दफनभूमीत कुंपणाला लागून त्याची कबर आहे. शेजारची जागा काकूंनी तेव्हाच मंडळीच्या पंचांना स्वतःसाठी सांगून ठेवली होती. त्यानंतर काकू फारशा कुठे जात नसत. पण प्रभुभोजनाचा रस मात्र त्यांच्याच हातचा. आमच्यात भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरस देतात, प्रभूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून. काकू काळ्या मनुका भिजत घालायच्या, सकाळी उकळून कुस्करायच्या आणि पांढऱ्या फडक्यातून गाळायच्या. तो रस मग देवळात जायचा, पाळक त्यावर आशीर्वाद मागायचे आणि आम्ही डोळे मिटून प्यायचो. कुणी कौतुक केलं तर काकू म्हणायच्या, "माझं मेलं सैपाकघरातलं काम."

नाना निवृत्त झाले आणि काकूंच्या पोटात गाठ निघाली. सांगलीच्या डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. काकूंचं देवळात जाणं थांबलं. अशा वेळी पाळकांनी घरी येऊन प्रभुभोजन द्यायचं असतं, तशी रीत आहे. पण त्याआधीच एक भानगड झाली होती. देवळाच्या पुढची मोकळी जागा दुकानगाळ्यांसाठी द्यायचं पाळकसाहेबांनी आणि मंडळीच्या सेक्रेटरींनी परस्पर ठरवलं होतं, आणि वार्षिक सभेत नानांनी उभं राहून त्या आवाजात विचारलं होतं, "हे कुनी ठरीवलं?" त्या दिवसापासून पाळकसाहेबांना नानांच्या घराची वाट सापडेनाशी झाली. फोनवर गोड बोलायचे. "येतो, नक्की येतो, बाईंना सलाम सांगा."

ईस्टरच्या आधीच्या पवित्र गुरुवारी, प्रभूच्या त्या शेवटच्या जेवणाच्या दिवशी, काकूंनी प्रभुभोजन मागितलं. माझी आई तिथेच होती, तिनंच मला सगळं सांगितलं.

"मला आज पायजे," काकू म्हणाल्या.

"पाळकसायब येतो म्हनल्यात. वाट बगू जरा."

"त्ये येत न्हाईत. तुमी द्या."

"मी कसा दिऊ? मला अधिकार न्हाई त्यो."

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं. "मंग जलमभर पोरास्नी काय शिकीवलं? खोटं शिकीवलं व्हय?"

नाना उठून परसात गेले. आईला वाटलं, हे आता परत यायचे नाहीत. पण ते आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून आले. मनुकांचा डबा कुठे आहे ते काकूंनी आईला सांगितलं. आईनं रस केला, एक पोळी लाटली. नानांनी ती मोडली. काकूंना रसात बुडवून चिमूटभर तुकडा दिला, मग आईला दिला, मग स्वतः घेतला. काकू त्या दुपारी कण्हल्याशिवाय झोपल्या.

इथेच ही गोष्ट घरातल्या घरात राहिली असती. पण आमच्या उपासनेत साक्ष द्यायची रीत आहे. देवानं आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सगळ्यांना सांगायचं. कुणाचा मुलगा बारावी पास होतो, कुणाचा किडनीस्टोन पडून जातो. ईस्टरच्या सकाळी मी साताऱ्याहून आले होते. गाणी झाली, आणि नाना साक्षीला उभे राहिले. चेहरा असा उजळलेला की मला वाटलं, काकू बऱ्या झाल्या.

"मंडळीला सलाम," ते म्हणाले. "मी लय भ्यालो हुतो. पर प्रभूनं बळ दिलं. माझ्या मालकिनीला मी माझ्या हातानं प्रभुभोजन दिलं. जे आपुन इतकी वर्सं ऐकतोय, त्ये खरं हाय. त्ये खरं निगालं."

त्यांना वाटलं होतं मंडळी 'आमेन' म्हणेल. सेक्रेटरी पाळकसाहेबांकडे बघत होते. पाळकसाहेबांनी चष्मा पुसला आणि पुढचं गीत सांगितलं. मला वाटतं, नाना खाली बसले तोवरही त्यांना कळलं नव्हतं. ते शेजारच्याकडे बघून हसत होते.

त्याच आठवड्यात पंचांनी त्यांना बोलावलं. अधिकार नसताना पवित्र विधी केला, माफी मागा. मागेपर्यंत प्रभुभोजन बंद, शब्बाथशाळा बंद. आणखी कुणी घेतलं, असंही विचारलं. जन्मात खोटं न बोललेल्या नानांनी सांगितलं, "आमी दोगंच." आई पंचांकडे जाऊन स्वतःचं नाव सांगायला निघाली होती. नानांनी तिला दारातच अडवलं. "वयनी, तुमी मधी पडू नगा. दफनभूमी पंचांच्या हातात हाय. तुमची जागा कशापाई घालवताय?" वडिलांच्या शेजारी आईची जागा होती. आई उंबऱ्यातून मागे फिरली.

नानांनी मात्र माफी मागितली नाही. पंच निरोप पाठवत राहिले, नाना एकच उत्तर देत राहिले. "मी काय चोरी किली? मागायची तर देवाची मागंन, आनि त्यो माग म्हनत न्हाई."

मे महिन्यात काकू गेल्या. सकाळी गेल्या. मी साताऱ्याहून निघून दुपारी पोचले तर काकू तशाच, खोलीत दोन पंखे आणि बर्फाच्या लाद्या, आणि दारात मंडळीतले पुरुष खाली मान घालून. पाळकसाहेब देवळात येऊन बसले होते. नानांचं प्रकरण मिटल्याशिवाय त्यांच्या घरच्यांना दफनभूमीत जागा देता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. मी जाऊन भांडले. ते शांतपणे म्हणाले, "ताई, यात वैयक्तिक काही नाही. शिस्तीचा प्रश्न आहे." माझा त्या माणसावरचा राग अजून गेलेला नाही. क्षमा करा असं आम्हाला शिकवलेलं आहे, मला येत नाही.

बाजीराव आले होते. ते नानांच्या शेजारी टेकले. "नाना, माझ्या मळ्यात आंब्याखाली जागा दितो. भिताड बांदून दितो. ह्यांच्या पाया पडू नगा गड्या. तुमी कुनाच्या पाया पडल्यालं मी बगितल्यालं न्हाई."

नाना बर्फ वितळून फरशीवर पाणी येत होतं तिकडे बघत होते. "तुमचं उपकार लय हायेत सुभेदार," ते म्हणाले. "पर तिला पोराशेजारी जायचंय."

ते उठले, सदरा बदलला आणि देवळात गेले. मागोमाग आम्ही सगळे. सेक्रेटरींनी काय म्हणायचं ते सांगितलं. नाना व्यासपीठाच्या खाली उभे राहिले आणि म्हणाले, "माझी चूक झाली. मी याजक न्हाई."

"मागच्यांना ऐकू गेलं नाही," पाळकसाहेब म्हणाले. "जरा मोठ्यानं."

मागे मी बसले होते, मला ऐकू आलं होतं. साऱ्यांनाच आलं होतं. पंचवीस-तीस घरांतली माणसं तिथे बसली होती, त्यातल्या निम्म्यांच्या डोक्यावर नानांनी कधी ना कधी हात ठेवला होता. एकानंही 'ऐकलं, पुरे' म्हटलं नाही. नानांनी घसा साफ केला.

"मी याजक न्हाई," ते मोठ्यानं म्हणाले. आवाज भिंतीवर आपटून परत आला.

संध्याकाळच्या आत काकूंना प्रकाशच्या शेजारी ठेवलं. पाळकसाहेबांनी कबरीवर फार सुंदर प्रार्थना केली. त्यात काकूंच्या हातच्या रसाचाही उल्लेख केला.

त्यानंतर नाना देवळात येत राहिले. शेवटच्या बाकावर बसायचे. प्रभुभोजनाचं ताट त्यांच्यापर्यंत यायचं, आता बंदी उठली होती, पण ते न घेता शेजारच्याकडे सरकवायचे. मी एकदा बघितलं, त्यांनी तुकड्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. आणि मग एका रविवारी पाळकसाहेबांनी नेमकं तेच पेत्राचं वचन प्रवचनाला घेतलं. माणसाला लाज नसली की त्याला सगळी वचनं मोकळी. हात उंचावून ते म्हणाले, "सांगा बरं मंडळी, आपण कोण?" लहानपणी नानांनी ज्यांचे शेंबूड पुसायला लावले होते त्या सगळ्या बाप्यांनी आणि बायांनी एका सुरात उत्तर दिलं. नाना उठून बाहेर गेले. कुणाला वाटलं असेल लघवीला गेले.

दुसऱ्यांच्या घरी जाणंही त्यांनी बंद केलं. लोक आधी बोलवायचे, मग बोलवायचे थांबले. पाळकांना फोन करायचा, ते 'येतो' म्हणायचे, नाही यायचे, आणि आजारी माणसं आपापली बरी व्हायची नाहीतर मरायची.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत आईनं अंथरूण धरलं. तिला दुसरं काही नको होतं, फक्त नानांना बोलाव म्हणत होती. मी दोनदा जाऊन आले. तिसऱ्यांदा ते आले. सदरा धुतलेला होता, इस्त्री नव्हती. खुर्ची पुढे केली तरी ते आईच्या उशाशी खालीच बसले. इकडचं तिकडचं विचारलं, औषधं कोणती, जेवण जातं का. आईनं मध्येच त्यांना थांबवलं.

"नाना, प्रार्थना करा माझ्यासाठी."

"मास्तरीनबाईनं पाळकसायबास्नी फोन लावलाय," त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "येत्याल त्ये."

"मला तुमची पायजे."

"माझ्याकडं ऱ्हायली न्हाई, वयनी. समद्यांफुडं दिऊन टाकली मी."

आईनं मला खूण केली. मी तिला धरून बसतं केलं. तिनं हात उचलला, तो नानांच्या डोक्यावर ठेवला आणि डोळे मिटले. माझ्या आईनं आयुष्यात चारचौघांत तोंड उघडून प्रार्थना केलेली नव्हती. "देवा," ती म्हणाली, "ह्यो मानूस तुजा हाय. तूच ह्याला राजा केलास, तूच ह्याला याजक केलास. ह्यांनी काडून घेतलं म्हनून तू काडून घिऊ नगंस. माझ्यासाठी ह्यो कितींदा आला तुझ्याकडं. आज मी ह्याच्यासाठी आलीया." दम लागत होता, तरी तिचा आवाज चढत गेला. कित्येक दिवसांत तिचा एवढा आवाज मी ऐकला नव्हता.

मी डोळे उघडले. नानांचे उघडेच होते. त्यातून पाणी वाहत होतं आणि ते खिडकीतून बाहेरच्या रस्त्याकडे बघत होते. गाण्याच्या तालमीसाठी मंडळीतली माणसं देवळाकडे चालली होती.

"हळू वयनी," नाना कुजबुजले. त्यांनी आईचा हात अलगद डोक्यावरून उचलून तिच्या मांडीवर ठेवला. "मान्सं चालल्यात रस्त्यानं. कुनी ऐकलं तर तुमच्या जागंचं वांदं हुतील."

आणि उठून त्यांनी खिडकी लावून घेतली.